ट्रेलवर प्राणी दिसला की आधी थांबा, कॅमेरा नंतर

ट्रेलवर चालताना अचानक एखादा प्राणी समोर आला की आपण सगळेच एकच करतो, श्वास रोखतो, दोन पावलं पुढे टाकतो आणि घाईघाईत कॅमेरा वर करतो, आणि नेमका त्या दोन पावलांना तो बुजतो. हातात येतो तो पळत्या पाठीचा हललेला फोटो. माझे पहिल्या दोन-तीन वर्षांतले बहुतेक फोटो असेच आहेत. मग एकदा कॅमेरा गळ्यातच राहू दिला आणि नुसती उभी राहिले, आणि समोरची हरणी जी टक लावून माझ्याकडे बघत होती ती दोन-तीन मिनिटांनी मान खाली घालून परत चरायला लागली. तेव्हापासून मी एकच कसोटी धरलीय. मला बघून प्राण्याने हातातलं काम थांबवलं असेल तर मी गरजेपेक्षा जवळ गेलेय, आणि त्याने ते काम परत सुरू केलं की मगच कॅमेरा वर. खाली जे काही सांगतेय, मग ते शटर स्पीड असो की कपडे, ते सगळं शेवटी याच्याच भोवती फिरतं.

निघताना

वेळ सगळ्यात महत्त्वाची. उजाडल्यापासूनचे दोन तास आणि मावळतीच्या आधीचे दोन तास. हरीण, ससा, कोल्हा असे बरेच सस्तन प्राणी संधिप्रकाशातच जास्त फिरतात, आणि त्या वेळचा उजेड तिरपा आणि मऊ असल्यामुळे अंगावरच्या केसांचा पोत, डोळ्यातला चमकणारा ठिपका, सगळं नीट येतं. दुपारी जमीन तापली की हवा थरथरायला लागते आणि लांबच्या लेन्समधून काढलेला फोटो फोकस अचूक असूनही पाण्याखालून काढल्यासारखा मऊ दिसतो. खूप जण त्यासाठी लेन्सला दोष देतात, दुकानात नेऊन तपासून आणतात, पण दोष मधल्या हवेचा असतो आणि त्याला कुठलंच सेटिंग नाही. जवळचं काहीतरी शोधा, किंवा दुसऱ्या दिवशी लवकर उठा.

दुसरा वारा. वारा तोंडावर यायला हवा, पाठीवरून पुढे जाता कामा नये, नाहीतर तुमच्या आधी तुमचा वास पोचतो आणि तुम्हाला दिसायच्या आत प्राणी उठून निघून जातो, तुम्हाला वाटतं आज काहीच नव्हतं. चिमूटभर कोरडी माती हातातून सोडून बघा, कुठे वाहतेय ते लगेच कळतं. ट्रेल गोल असेल तर कुठल्या बाजूने सुरू करायचा हे मी फक्त यावरून ठरवते.

कपड्यांबद्दल लोकांचा फार गोंधळ असतो. सैनिकी छापाचे कपडे घेतलेच पाहिजेत असं काही नाही. हरणांना लाल-नारिंगी आपल्यासारखा उठून दिसत नाही, निळा मात्र चांगला दिसतो, म्हणून निळ्या जीन्सपेक्षा मातकट पँट बरी. पक्ष्यांची रंगदृष्टी तर आपल्यापेक्षा पुढची, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना अतिनील सुद्धा दिसतं, त्यामुळे पांढरं शुभ्र काही नको. पण रंगापेक्षा जास्त घात करतो तो आवाज. चालताना सळसळणारं जॅकेट, खिशातल्या किल्ल्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बॅगेचं वेल्क्रो. शांत जंगलात ते चर्रकन उघडलं की पन्नास पावलांवरचे कान वळतात. म्हणून कॅमेरा बॅगेत ठेवूच नका, ट्रेल सुरू व्हायच्या आधी बाहेर काढा, लेन्सचं झाकण खिशात, फोकसचा बीप बंद, फोन सायलेंट, आणि सेटिंग आधीच लावलेलं.

आणि त्या जागेचे नियम वाचून जा, कुठपर्यंत जायला परवानगी आहे, गेट कधी बंद होतं, कुठले मोठे प्राणी आहेत. घरी कुणाला तरी सांगून जा की मी अमुक ट्रेलवर आहे आणि अमुक वेळेपर्यंत परत येईन. हे कंटाळवाणं वाटतं पण जिथे मोबाईलला रेंज नसते तिथे हेच कामाला येतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते कारण ती बाकीच्या सगळ्या सल्ल्याच्या उलट आहे. जिथे अस्वलं आहेत तिथे दबकत, आवाज न करता चालायचं नाही. अस्वलाला सगळ्यात जास्त धोका वाटतो तो माणूस अगदी जवळ आल्यावर अचानक दिसला की. दाट झुडपातून, ओढ्याच्या खळखळाटाजवळून, वळणावरून जाताना बोलत जा, टाळ्या वाजवा, एकटे जाऊ नका. त्या टप्प्यावर फोटो हुकला तर हुकला. मोकळं मैदान आलं, लांबपर्यंत दिसायला लागलं की मग शांत व्हा.

चालणं कमी, थांबणं जास्त

ट्रेलवर चालायची माझी पद्धत म्हणजे दहा-पंधरा पावलं आणि थांबा. थांबल्यावर आधी ऐका, मग बघा. जंगलात बहुतेक रेषा उभ्या असतात, खोडं, बांबू, गवत, त्यात एखादी आडवी रेषा दिसली तर ती एकतर पडलेला ओंडका असते नाहीतर कुणाची तरी पाठ. अख्खा प्राणी शोधत बसलात तर दिसत नाही, तुकडा शोधायचा, एक कान, शेपटीचं टोक, पानांमागे मधूनच हलणारं काहीतरी. आणि झाडांकडे न बघता झाडांच्या मधल्या फटीतून पलीकडे बघायची सवय लावा, नजर एकदा त्या खोलीवर बसली की दिसायला लागतं.

कानांचं काम त्याहून मोठं. पक्ष्यांचा नेहमीचा किलबिलाट एकदम थांबला, किंवा एखादी खार एकाच फांदीवर बसून खाली बघत सारखी किंचाळतेय, किंवा चार वेगवेगळ्या जातीचे पक्षी एकाच झुडपाभोवती कालवा करतायत, तर तिथे काहीतरी आहे. साप असेल, घुबड असेल, मांजर कुळातलं कुणी असेल. तिकडे धावू नका. आहात तिथेच बसा आणि तो कालवा कुठल्या दिशेला सरकतोय ते बघा, म्हणजे प्राणी कुठून बाहेर पडेल याचा अंदाज येतो.

पायाखालीही बघत जा. पाणवठ्याकाठचा चिखल आणि पायवाटेवरची बारीक धूळ, या दोन जागी ठसे छान उमटतात. कुत्र्या-कोल्ह्याच्या ठशात बोटांपुढे नखांच्या खुणा दिसतात, मांजर कुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात त्यामुळे त्यांच्या ठशात त्या सहसा नसतात. ठशाची कड अजून धारदार आहे, आत पान-कचरा पडलेला नाही, म्हणजे ताजा. फोटो काढताना बाजूला लेन्सचं झाकण ठेवा, नंतर आकार कळतो. एका बाजूने तिरपा उजेड असेल तर ठसा उठून दिसतो, डोक्यावरच्या उन्हात तोच सपाट होऊन जातो.

आणि मग बसणं. माझे सगळ्यात चांगले फोटो चालताना आलेले नाहीत, बसल्यावर आलेत. पाण्याजवळ, किंवा दोन पायवाटा मिळतात तिथे, किंवा फळं पडलेल्या झाडापासून थोडं लांब, पाठीला खोड टेकवून बसायचं, म्हणजे तुमचा माणसाचा आकार खोडात मिसळून जातो. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही कारण तुमच्या येण्याने सगळे गप्प झालेले असतात. वीस मिनिटांच्या आसपास जंगल परत सुरू होतं. हा बदल इतका स्पष्ट असतो की एकदा अनुभवला की नंतर त्याचीच वाट बघावीशी वाटते.

एकदा अशीच एका वळणावर बसले होते, गुडघे वर, त्यावर कॅमेरा. अर्धा तास झाला असेल. डाव्या बाजूच्या गवतातून एक मुंगूस बाहेर आलं, वाटेच्या कडेला मागच्या पायांवर उभं राहिलं, नाक वर करून हवा हुंगली. ते इतकं जवळ होतं की नाकाचं ओलं टोक हलताना दिसत होतं. मी काहीच केलं नाही. बोट बटणावर होतं पण दाबलं नाही. त्याने वळून गवताकडे बघितलं आणि मग एकामागे एक तीन पिल्लं, पुढच्याच्या शेपटीला मागच्याचं तोंड जवळजवळ लागलेलं, अशी रांगेत वाट ओलांडून गेली. मी ते मुंगूस उभं राहिल्या-राहिल्या बटण दाबलं असतं तर एका मुंगसाचा फोटो मिळाला असता आणि पिल्लं गवतातच राहिली असती. शेवटच्या पिल्लाच्या वेळी मी दोन फ्रेम घेतल्या, त्यातली एक आजही माझ्या टेबलासमोर आहे.

माणसाने दिसूच नये यासाठी काय-काय केलंय याचा इतिहास वाचण्यासारखा आहे. रिचर्ड आणि चेरी किअर्टन या ब्रिटिश भावांनी १८९२ मध्ये घरट्यातल्या अंड्यांचा फोटो काढला होता, आणि नंतर पक्ष्यांच्या जवळ जाता यावं म्हणून चक्क बैलाचं कातडं आतून पोकळ ठेवून त्याचं लपण केलं होतं, आत माणूस आणि कॅमेरा. आपल्याला बैल लागत नाही, एक झुडूप आणि तासभर वेळ पुरतो.

समोर आलाच तर

थांबा. हात खालीच. थेट डोळ्यात बघू नका, कारण टक लावून बघणं म्हणजे शिकार करणाऱ्याची नजर, नजर थोडी बाजूला ठेवा आणि त्याचं अंग वाचा. कान टवकारलेत पण अजून चरतोय, तर ठीक आहे. मान वर, कान तुमच्याकडे, तोंडातलं चावणं थांबलंय, म्हणजे तुम्ही सीमेवर आहात. पुढचा खूर आपटला, शेपूट वर गेली, फुरफुरला, तर सीमा ओलांडलीय, सावकाश मागे या. अस्वल जबडा वाजवतंय किंवा जोरात हुंकारतंय, रानडुक्कर दात घासतंय, माकड दात दाखवतंय (ते हसणं नाही, आणि उलट तुम्ही दात दाखवून हसलात तर त्याला ती धमकी वाटू शकते), साप फुत्कारतोय, या सगळ्याचा अर्थ एकच, बास.

अंतराचा आकडा हवा असेल तर अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कचा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, अस्वल, लांडगा आणि प्यूमा (अमेरिकेतलं मोठं रानमांजर) यांच्यापासून किमान १०० यार्ड म्हणजे साधारण ९१ मीटर, आणि बायसन (गव्यासारखा मोठा रानबैल), एल्क (मोठं हरीण) वगैरे बाकी प्राण्यांपासून किमान २५ यार्ड म्हणजे २३ मीटर. तिथे सगळ्यात जास्त माणसं कुणी जखमी केली असतील तर ती बायसनने, अस्वलाने नाही, कारण तो गाईसारखा शांत उभा दिसतो आणि लोक जवळ जातात, आणि तो माणसाच्या तिप्पट वेगाने पळतो. शांत दिसणारा मोठा शाकाहारी प्राणी हा निरुपद्रवी असतो हा समज डोक्यातून काढूनच टाका. टेप तर आपण नेत नाही, म्हणून अंगठ्याची युक्ती, हात पूर्ण लांब करा, एक डोळा मिटा, अंगठा प्राण्यावर धरा, तो अंगठ्यामागे अख्खा झाकला गेला तर अंतर बरं आहे, बाहेर उरत असेल तर मागे व्हा. आणि ट्रेल ज्या जागेत आहे तिथला नियम याहून कडक असेल तर तोच पाळायचा.

आई आणि पिल्लू यांच्या मधे कधीही येऊ नका. प्राण्याची निघायची वाट अडवू नका, तुम्ही वाटेच्या मधोमध उभे असाल तर बाजूला व्हा, बऱ्याचदा त्याला फक्त तिकडून जायचं असतं. मांसाहारी मोठा प्राणी समोर असेल तर पळायचं नाही, हे कितीही कठीण वाटलं तरी, पळणाऱ्या गोष्टीचा पाठलाग करणं त्यांच्या अंगात आहे आणि वेगात आपण जिंकत नाही. तोंड त्याच्याकडे, लहान मूल बरोबर असेल तर उचलून घ्या, शांत आवाजात बोलत एक-एक पाऊल मागे. बिबट्या-प्यूमासारखा मांजर कुळातला असेल तर खाली वाकू नका, बसू नका, हात वर करून मोठे दिसा. साप दिसला तर थांबून दोन-तीन मीटर मागे या आणि त्याला जाऊ द्या, त्याला डिवचून फणा काढायला लावून फोटो काढणारे लोक मी बघितलेत आणि मला त्याचा मनापासून संताप येतो. चावलाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही नाही, तो भाग हलवू नका आणि थेट दवाखाना.

गवतात एकटं पिल्लू सापडलं, विशेषतः हरणाचं, तर ते अनाथ आहे असं समजू नका. आई त्याला मुद्दाम लपवून चरायला जाते आणि ते गप्प पडून राहतं. उचलू नका, कुरवाळू नका, जवळ थांबूही नका, कारण तुम्ही तिथे आहात तोपर्यंत ती परत येणार नाही. लांबून एक फोटो, आणि निघा.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतेय त्याला कारण आहे. सुरुवातीच्या दिवसांत एका माळावरच्या ट्रेलवर एक टिटवी माझ्यासमोर पंख मोडल्यासारखा फरफटत चालली होती, ओरडत होती, परत उडून डोक्यावर येत होती, आणि मला वाटलं काय फोटो मिळतायत, मी उन्हात पंधरा-वीस मिनिटं तिच्या मागे-पुढे फिरत फोटो काढत राहिले. दुसऱ्या एका निरीक्षकाने मला हाताने थांबवलं आणि माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर बोट दाखवलं. खड्यांमध्ये चार अंडी होती, खड्यांच्याच रंगाची, ठिपक्या-ठिपक्यांची. ती मला तिथून लांब नेण्यासाठी जखमी असल्याचं दाखवत होती, आणि तेवढा वेळ अंडी उघड्या उन्हात तापत होती, ज्यांच्यावर सावली धरायला ती एरवी उभी राहते, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणून त्यांना गार ठेवते. आम्ही लांब गेलो, ती दोन मिनिटांत परत येऊन बसली. त्या दिवसाचे फोटो मी काढून टाकले. ते चांगले आले होते, पण प्रत्येक फोटोत ती घाबरलेली होती आणि कारण मी होते.

आता कॅमेरा

सेटिंगमध्ये फार अडकू नका, चार गोष्टी पक्क्या करा. मी मॅन्युअल मोडमध्ये शटर (उजेड किती वेळ आत येऊ द्यायचा) आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं ठेवायचं) स्वतः ठरवते आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील) ऑटोवर सोडते. निवांत उभ्या प्राण्याला १/५०० म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो, चालणाऱ्याला १/१०००, पळणाऱ्याला किंवा उडत्या पक्ष्याला १/२००० किंवा त्याहून वर. हात हलण्याचा जुना हिशोब असा की लेन्स ४०० एमएम तर शटर १/४०० पेक्षा हळू नको, आणि एपीएस-सी म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर असेल तर दीडपट धरा म्हणजे १/६००. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात स्थिर करतं, हरणाची मान नाही, हे विसरलं की उजेड कमी असताना १/६० वर काढलेल्या फोटोत झाड एकदम शार्प आणि प्राणी पुसट येतो. आयएसओ ३२००, ६४०० गेला तरी घाबरू नका. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला येत नाही.

फोकस कंटिन्युअसवर ठेवा, म्हणजे प्राणी हलला तरी फोकस त्याच्या मागे जात राहतो, कॅननमध्ये त्याला सर्व्हो म्हणतात, निकॉन-सोनीमध्ये एएफ-सी. नवीन मिररलेस कॅमेऱ्यात प्राण्यांचा डोळा ओळखणारा फोकस असतो, तो भारी आहेच, पण उंच गवतातून किंवा फांद्यांमधून फोटो काढताना तो पुढच्या काडीवर जाऊन बसतो, अशा वेळी एकच छोटा पॉइंट निवडून तो स्वतः डोळ्यावर न्या. डोळा शार्प असला की शेपूट मऊ आलेली चालते, उलट झालं तर फोटो गेला.

एक्स्पोजरचं गणित असं की कॅमेऱ्याला समोरचं सगळं मध्यम राखाडी करायचं असतं. फ्रेमभर काळा प्राणी असेल तर तो त्याला उगाच उजळ करून राखाडी करतो, तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं सेटिंग) मायनस दोन-तृतीयांश. फ्रेमभर बर्फ किंवा पांढराशुभ्र पक्षी असेल तर तो मळकट येतो, तिथे प्लस एक. पण काळ्या पाण्यावर एकच छोटा पांढरा बगळा असेल तर उलटं होतं, पाण्याकडे बघून कॅमेरा उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसं जळून सपाट पांढरी होतात, तिथे परत मायनस. हे डोक्यात बसायला वेळ लागतो, घराजवळच्या कावळ्या-बगळ्यांवर सराव करा. रॉमध्ये (सेन्सरवरची सगळी माहिती जशीच्या तशी ठेवणारी फाईल) काढत असाल तर थोडं सांभाळून घेता येतं, जळलेलं पांढरं मात्र परत येत नाही.

सायलेंट शटर असेल तर जरूर वापरा, पहिल्याच खटक्याला कान वळतात. फक्त खूप वेगाने फडफडणाऱ्या पंखांचा आकार काही कॅमेऱ्यांत त्यामुळे वाकडा येतो, तेव्हा साधं शटर.

फ्लॅश बंद. रात्री फिरणाऱ्या प्राण्यांचे डोळे अगदी कमी उजेडासाठी बनलेले असतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यात, आतल्या पडद्यामागे, उजेड परत फेकणारा थर असतो, टॉर्चमध्ये ते डोळे चमकतात ते त्यामुळेच. जॉर्ज शायरस या अमेरिकन माणसाने शंभर वर्षांपूर्वी होडीतून फ्लॅशची दारू उडवून आणि तारेच्या सापळ्याने आपोआप उडणारे कॅमेरे लावून रात्रीच्या प्राण्यांचे फोटो काढले, १९०६ च्या जुलैमध्ये नॅशनल जिओग्राफिकने त्यांचे ७४ फोटो छापले, तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. आज आपल्या हातातला सेन्सर संधिप्रकाशात बघू शकतो, तर मग कशाला.

फ्रेम बघताना

पहिला फोटो आहात तिथून, जसा दिसेल तसा, एकच. तो खात्रीचा. त्यानंतर घाई संपली, आता सुधारत जा. सगळ्यात मोठा फरक पडतो तो उंचीने. उभं राहून खाली बघत काढलेल्या फोटोत ससा म्हणजे गवतातला एक गोळा असतो, तोच कॅमेरा जमिनीला टेकवून त्याच्या डोळ्याच्या पातळीवर आणला की मागचं गवत लांब जाऊन धूसर होतं आणि तो ससा एकदम कुणीतरी होतो. लहान प्राण्यांसाठी बसा, झोपा, कोपरं जमिनीला लावा. मोठे किंवा अंगावर येऊ शकणारे प्राणी असतील तिथे मात्र झोपायचं नाही, उठून सरकायला वेळ लागतो.

मग मागे काय आहे ते बघा. डोक्यातून फांदी उगवलेली, कानामागे चकाकणारं आभाळाचं भगदाड, असं काही असेल तर प्राण्याकडे न जाता तुम्ही अर्धं पाऊल डावी-उजवीकडे सरका, तेवढ्याने पार्श्वभूमी बदलते. तो ज्या बाजूला बघतोय तिकडे जागा सोडा. आणि प्रत्येक वेळी फ्रेम भरलीच पाहिजे असं काही नाही. लांब उभा असलेला छोटासा कोल्हा, त्याच्याभोवतीचा सगळा उतार, धुकं, वाकलेलं गवत, यातून तो कुठे राहतो हे कळतं, आणि तसा फोटो नुसत्या चेहऱ्याच्या फोटोपेक्षा जास्त वेळ बघावासा वाटतो. जवळ जाता येत नाही हे दुःख मानू नका, अशा वेळी हाच फोटो काढायचा असतो.

हातात फोनच असेल तरी निराश व्हायचं कारण नाही. फोनमध्ये टेलीची वेगळी लेन्स असेल तर तेवढाच झूम वापरा, त्यापुढे बोटांनी ताणलेला डिजिटल झूम म्हणजे बहुतेक वेळा कापलेला फोटोच, तो नंतर घरी कापता येतो. दुर्बिणीच्या एका डोळ्याला फोनची लेन्स टेकवून फोटो काढता येतात, सुरुवातीला काळं वर्तुळ दिसतं, हळू सरकवत गेलं की चित्र भरतं, थोडा सराव आणि टेकायला काहीतरी हवं. ८x४२ ची दुर्बीण ट्रेलवर धरायला बरी, आठपट मोठं दिसतं, पुढची काच ४२ मिलिमीटरची असल्यामुळे पहाटेही उजेड पुरतो. फोनचं दुसरं बळ म्हणजे व्हिडिओ, जिथे उजेड कमी आणि प्राणी लांब आहे तिथे फोटोपेक्षा तीस सेकंदांचा स्थिर व्हिडिओ जास्त सांगतो. सेल्फीसाठी प्राण्याकडे पाठ मात्र कधीच करू नका, कुठल्याच.

काही गोष्टी करायच्याच नाहीत. खायला टाकून जवळ बोलावणं नाही, माणसाच्या खाण्याला सवकलेला प्राणी पुढे माणसांवर धावतो आणि शेवटी त्यालाच मारलं किंवा हलवलं जातं. स्पीकरवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला पुढे आणणं नाही, विणीच्या काळात तो पक्षी सगळं सोडून नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. घरट्यापुढची पानं-फांद्या बाजूला करणं नाही, ते झाकण त्यांनी निवडलेलं असतं. आणि पिंजऱ्यातला, पाळलेला प्राणी रानातला म्हणून दाखवणं नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत २००९ साली फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं होतं, नंतर तो लांडगा बहुधा माणसाळवलेला होता असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि २०१० च्या जानेवारीत बक्षीस काढून घेतलं. फोटो म्हणून तो सुंदरच होता. पण तो बघणाऱ्याला जे वाटलं होतं, की हा क्षण खरंच रानात घडला, तेच गेलं.

फोटो झाला की निघायचं, आणि निघण्याचीही पद्धत आहे. झटकन उठून पाठ फिरवू नका. कॅमेरा हळू खाली, आधी मागे सरका, ज्या वाटेने आलात त्याच वाटेने, प्राणी नजरेआड झाला की मग बोला. मागून दुसरे लोक येत असतील तर हाताने थांबवून हळू आवाजात सांगा कुठे आहे आणि कुठपर्यंत जायचं, शक्य असेल तर त्यांच्यासाठी तुमची जागा सोडा. एका प्राण्याभोवती पाच-सहा जण जमले की कुणीही एकटा नियम मोडत नसला तरी त्याला घेरल्यासारखं होतं, अशा वेळी मी पहिली निघते.

घरी आल्यावर फोटो टाकायच्या आधी त्यातलं लोकेशन काढा. फोनमध्ये काढलेल्या प्रत्येक फोटोत जागेचे आकडे बसलेले असू शकतात, आणि आफ्रिकेतल्या काही राखीव क्षेत्रांत गेंड्याच्या फोटोवरचं लोकेशन बंद ठेवा असं पर्यटकांना मुद्दाम सांगितलं जातं कारण शिकारी ते वाचतात. घरटी, बिळं, गुहा यांची जागा मी कुणालाच सांगत नाही, अगदी ओळखीच्यांनाही फक्त ट्रेलचं नाव सांगते. आणि एका छोट्या वहीत तारीख, वेळ, वारा कुठला होता, प्राणी काय करत होता आणि मी किती लांब असताना त्याने मान वर केली, एवढं लिहून ठेवते. वर्षभरात त्याच ट्रेलवरच्या त्याच वळणाबद्दल अशा दहा-बारा नोंदी होतात, आणि पुढच्या वेळी कुठल्या खोडाला पाठ टेकवून बसायचं हे त्या वहीवरूनच ठरतं.